भातलावणीत कंबर धरली तेव्हा भेटलेल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना

मॅडम, स. न. वि. वि.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून नुसतं मॅडम. पण पत्र चारचौघांनी वाचावं असंच लिहितेय. आमच्या वाडीत दर आषाढात कुणाची ना कुणाची कंबर धरतेच, आणि धरली की सल्ले देणारे तरव्यापेक्षा, म्हणजे भाताच्या रोपांपेक्षा, दाट उगवतात.

पहिले आभार तपासण्याबद्दल. तरव्याच्या ओल्या जुड्यांनी भरलेलं घमेलं मेरेवर ठेवायला वळले आणि कमरेत अशी चमक निघाली की सरळच होता येईना. रिक्षातून तुमच्याकडे आणलं तेव्हा वाटलं होतं, गोळी द्याल, पट्टा द्याल आणि घरी धाडाल. तुम्ही आधी प्रश्न विचारलेत. लघवी-शौचाला नेहमीसारखं होतंय ना, मांड्यांच्या मधल्या जागेत बधिरपणा आहे का, ताप आहे का, वजन उतरलंय का, कधी पडलात का. मग एकेक पाय सरळ वर उचलायला लावलात, पायाचा अंगठा तुमच्या हाताविरुद्ध दाबायला सांगितलंत, टाचांवर चालवलंत. तेव्हा हे कशाला, असं वाटलं. नंतर तुम्हीच सांगितलंत: लघवी अडली किंवा नकळत झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातला जोर जाऊ लागला, तर फिजिओकडे नाही, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं. ही खूण मी आता दिसेल त्याला सांगत सुटलेय.

माझ्यात त्यातलं काही नव्हतं. घरच्यांचा मात्र एमआरआयचा हट्ट, कोल्हापूरला जायला गाडीसुद्धा ठरवून झाली होती. तुम्ही आमच्या मुलाला समोर बसवून सांगितलंत की ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशांच्या तपासण्या गोळा करून २०१५ साली जगभरातला हिशेब मांडला गेला, त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांची मणक्यांमधली चकती बाहेर फुगलेली निघाली आणि ऐंशीतल्या सुमारे ८४ टक्क्यांची. म्हणजे माझ्या वयाला फोटोत काहीतरी दिसणारच, आणि ते बघून मी उगाच धास्तावणार. वाचलेल्या पैशात खत आलं, हे जाता जाता.

का दुखतंय, हेही तुमच्याकडूनच कळलं. लावणीत आम्ही तासन् तास कमरेतून वाकलेल्या. मणक्यांमागचे स्नायू आणि बंध ताणून ताणून सैल पडतात, आणि तशात ओझं घेऊन वळलं की कुठेतरी लचकतं. मग शरीर आपणहून आजूबाजूचे स्नायू आवळून धरतं. दुखतं ते बरंचसं या आवळण्यानं, हाड सरकलेलं नसतं. आमच्याकडे पाठीत काहीही झालं की ‘मणको सरकलो’ म्हणतात, आणि माणूस त्या भीतीनंच अर्धा आडवा होतो.

फळीवर झोप, हलू नको, असं सासूबाईंपासून किराणावाल्यापर्यंत सगळ्यांनी बजावलं होतं. तुम्ही म्हणालात, पडून राहिलात तर पाठ आणखी आखडेल. दर थोड्या वेळानं उठा, पाखाडीच्या पहिल्या वळणापर्यंत जाऊन या, उद्या दुसऱ्या. पहिल्या दिवशी त्या पायऱ्या उतरताना तुमच्या नावानं बोटं मोडली, हे कबूल करायला हरकत नाही. पण पाठ मोकळी व्हायला लागली ती चालण्यानंच. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कुल्ले उचलायचा तो व्यायाम अजून करते. नातवंडं शेजारी झोपून नक्कल करतात.

आमच्या पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, आतेला तुम्ही हसला नाहीत, त्याचे वेगळे आभार. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावायचा, ही इथली जुनी रीत; आते बोलवायच्या आधीच हजर. तुम्ही म्हणालात, पाय लावू दे, लाथ नको. आणि हळूच पुढे म्हणालात की अशी बहुतेक दुखणी काही आठवड्यांत आपोआपच ओसरतात, त्यामुळे ज्याचा हात किंवा पाय शेवटी लागला त्याला श्रेय मिळतं. आते अजून तुमच्यावर खूश आहे, कारण दुसरं वाक्य तिनं ऐकलंच नाही. निरगुडीच्या पाल्याचा शेकही चालेल म्हणालात, फक्त कातडी भाजेल इतका कढत नको. गोळ्या मात्र थोडेच दिवस, जेवल्यावर, आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत हे डॉक्टरांना सांगूनच.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो कामाच्या रीतीचा. शेत सोडा, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. रात्रभर आडवं राहून चकत्या पाण्यानं फुगलेल्या असतात, म्हणून उठल्या उठल्या वाकून अंगण झाडायचं नाही, तास-दीड तास उभ्यानं होणारी कामं करायची. घमेलं अर्धंच भरायचं, पोटाशी धरायचं, आणि वळायचं तर कमरेतून न वळता पाय टाकून वळायचं. लावणीत अधूनमधून सरळ उभं राहून हात कमरेवर ठेवून मागे रेलायचं. बांधावरून आमचे हे ओरडले, ‘फोटो काढूक उभी रवलंस काय?’ आता तेही रेलतात.

एक काम आहे. माझ्या जावेचं दुखणं कुल्ल्यातून गुडघ्याखाली पावलापर्यंत उतरतं, खोकली की जास्त. तुम्ही सांगितलेल्या शिरेच्या दुखण्यासारखं वाटतंय, म्हणून तिला माझे व्यायाम करू दिलेले नाहीत. गुरुवारी सकाळच्या एसटीनं तिला पाठवतेय. सोबत पिशवीत कोकमं आहेत, ती परत पाठवू नका.

आपली,
वाडीतली तुमची पेशंट