राहिलेला ‘ॲड’

प्रिय मॅडम,

हिंजवडीतली ती रात्र तुम्ही विसरला असाल, मी नाही. नेटवर्कचे चाळीस स्विच, प्रत्येकाच्या ट्रंकवर, म्हणजे स्विचना एकमेकांशी जोडणाऱ्या लिंकवर, एक नवा व्हीलॅन (त्याच तारांवरचं वेगळं आभासी नेटवर्क) चढवायचा. मी एकेकात लॉगिन करून हाताने कमांड मारत होतो. सतराव्या की अठराव्या स्विचवर ‘अलाउड व्हीलॅन’पुढचा ‘ॲड’ टाइप करायचा राहिला. हे काम केलेल्यांना पुढचं सांगायला नको. नवा व्हीलॅन चढला, आधीचे सगळे उतरले, ज्यातून मी लॉगिन केलं होतं तो मॅनेजमेंटचासुद्धा. कर्सर जागच्या जागी थिजला.

तुम्ही कोथरूडहून ॲक्टिव्हावर आलात. पिशवीतून रबरबँड गुंडाळलेली निळी कन्सोल केबल, नेटवर्कशिवाय थेट स्विचला जोडायची, काढलीत आणि दहा मिनिटांत सगळं जागेवर. मी बोलणी खायच्या तयारीत उभा. तुम्ही विचारलंत, “चाळीस वेळा तेच टाइप करायला तुला कुणी सांगितलं?”

मग पायथन शिकवलंत. पहिले दोन महिने स्क्रिप्टने फक्त वाचायचं, फरक दाखवायचा. स्विचला हात लावायचा नाही. तेव्हा वैताग यायचा, आता माझ्या हाताखालच्यांना मीच तसा छळतो.

इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी आरएफसी ३५३५ची प्रिंटही तुमचीच. जून २००२ मध्ये नेटवर्क चालवणारे आणि प्रोटोकॉल बनवणारे एकत्र बसले, त्याचा तो अहवाल. उपकरणं दुरून सांभाळायचा एसएनएमपी प्रोटोकॉल नजर ठेवायला ठीक, पण कॉन्फिगरेशनला, म्हणजे सेटिंग बदलायला, आम्ही तो फारसा वापरतच नाही, हे चालवणाऱ्यांनी तोंडावर सांगितलं. त्यांच्या १४ मागण्यांपैकी चौथीखाली तुम्ही पेन्सिलीने रेघ मारली होती: लक्ष एकेका डब्यावर नको, अख्ख्या नेटवर्कच्या कॉन्फिगरेशनवर देता यावं. त्याच वाटेवर पुढे २००६ साली कॉन्फिगरेशन बदलायचा नेटकॉन्फ प्रोटोकॉल आला, २०१० साली त्या कॉन्फिगरेशनचा आराखडा मांडायची यँग भाषा. नेटकॉन्फमध्ये बदल तात्पुरता लावता येतो. वेगळी मुदत दिली नसेल तर ६०० सेकंदांत तो पक्का करावा लागतो, नाहीतर उपकरण आपण होऊन जुन्या कॉन्फिगरेशनवर जातं. आमच्या त्या स्विचवर ही सोय असती तर तुमची झोप मोडली नसती! माझा एम.टेक.चा प्रबंध याच्या अलीकडच्या पायरीवर होता: बदल पाठवण्याआधीच कुठली वाट तुटेल ते ताडायचं. आज पगारही त्याच कामाचा मिळतो.

पण पत्राचं खरं कारण वेगळं. त्या रात्रीच्या अहवालात माझ्या चुकीच्या वर तुम्ही लिहिलं होतं, ‘रिव्ह्यू माझ्याकडून राहिला.’ मला हे परवा जुन्या फाइली चाळताना कळलं.

केबल माझ्याकडेच आहे. रबरबँड तेवढा बदलला. हवी असेल तर आणून देतो.

तुमचाच,
रात्रपाळीतला तो पोरगा