आधी दादाशी बोल

लालबाग, मुंबई
2 मार्च

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर "अर्ज बाद झाला" एवढंच म्हणालास आणि गप्प झालास. मी लोकलमध्ये लोंबकळत होतो, धड बोलताही आलं नाही. शिवाय फोनवर तू मधेच शिव्या द्यायला लागतोस, म्हणून लिहितोय.

रोहयोच्या, म्हणजे रोजगार हमी योजनेच्या, विहिरीला सलग एक एकर रान लागतं, म्हणजे 40 गुंठे. वाटणीनंतर तुझ्या सातबाऱ्यावर राहिले 32. आता बघ गंमत, पाच एकरवाला अल्पभूधारक म्हणून बसतो आणि तू बाहेर! इतक्या तुकड्यावर एक अख्खी विहीर सरकारला परवडत नाही, हे कळतं मला. पण ज्याच्याजवळ सगळ्यात कमी त्यालाच उंबऱ्यावर थांबवायचं, याचा राग येतोच.

काल पगार झाला. फेब्रुवारीचा, म्हणजे व्यवसाय कराचे 200 च्या जागी 300 कापलेले. शेजारच्या टेबलावरचा नेहमीसारखा करवादला, "हे कशाचे घेतात रे?" मी सांगितलं त्याला. 72 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीला पैसा हवा म्हणून 1975 साली शहरातल्या पगारदारांवर हा कर बसला, आणि जेवढा जमेल तेवढीच भर सरकारनं घालायची ठरली. कल्पना वि. स. पागे यांची, आपल्याच बाजूचे, तासगाव तालुक्यातले. पुढं कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू. काम मागितलं की द्यायचंच. केंद्राचा 100 दिवसांचा कायदा यायला 2005 उजाडलं.

त्याला हे सांगितलं, आई नाही सांगितली. आपण चौथीत होतो, आठवतं? ती आणि तुझी आक्का पाझर तलावावर पाट्या टाकायच्या. आपण दुपारी भाकरी घेऊन जायचो. मुकादमानं एकदा मस्टरवर आईचा खाडा लावला, तर सगळ्यांसमोर म्हणाली, "काम मागून घेतलंय, भीक नव्हं." मुकादमानं गपचूप हजेरी मांडली. आता तुमच्या ग्रामपंचायतीत 'लाभार्थ्यांची यादी' लागते. लाभार्थी! आईला कुणी तसं म्हटलं असतं तर पाटी फेकून मारली असती.

असो, मुद्द्यावर येतो. शनिवारी बसून नियम वाचून काढले. लगतच्या रानांचे मालक मिळून सामाईक विहीर मागू शकतात. सगळ्यांचं सलग रान 40 गुंठ्यांच्या वर भरलं की झालं. तुझे 32 आणि दादाचे 32, मध्ये एक बांध. ज्या बांधापायी तुम्ही चार वर्षं एकमेकांच्या दारात गेला नाहीत, तोच. कागदांत सलग जमिनीचा पंचनामा लागतो आणि 'सामोपचारानं' पाणी वापरण्याचं करारपत्र. हसलो मी वाचून. सरकारला काय माहीत तुम्हा दोघांचा सामोपचार!

पण पाळी ठरवून घ्या, दिवसाआड. आणि एक सांगून ठेवतो, 2022 च्या शासन निर्णयातल्या 4 लाखांच्या आकड्यावर भाळू नकोस. पैसे एकरकमी हातात येत नाहीत. मजुरी मस्टरवर निघते, सिमेंट-खडीचं बिल मागनं, आणि ते रखडतं. तोवर सावकाराकडं जाऊ नकोस. वहिनींच्या बचत गटातून थोडं उचल, कमी पडलं तर माझ्याकडं माग. लाजायचं नाही.

दादाकडं जाताना रिकाम्या हातानं जाऊ नकोस, पोरांना काहीतरी ने. बोलणं वहिनींना काढू दे, तू फक्त बस. तो हो म्हणाला की दोघांचे सातबारे, 8अचे उतारे आणि जॉबकार्डांचे फोटो मला पाठव. अर्ज मी लिहून देतो. ग्रामसभा कधी आहे तेही कळव, जमलं तर शुक्रवारची रातराणी पकडून येतो.

तुझा,
सद्या