मावशी, तुमच्यामुळे मी बोलायला लागले

प्रिय मावशी,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुमचे आभार मी समोरासमोर मानून पाहिले. प्रत्येक वेळी तुम्ही "प्रभूचे मान, माझे कसले?" म्हणून दुसराच विषय काढलात. पत्रात तसं करता येणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी विश्वासणाऱ्यांच्या घरात वाढले. संडे स्कूल, उपासना, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, सगळं वेळच्या वेळी होत गेलं. पण सुवार्ता, म्हणजे येशूविषयीची चांगली बातमी, सांगणं हे पाळकसाहेबांचं, सुवार्तिकांचं, सेमिनरीत शिकून आलेल्यांचं काम, अशीच आमच्यापैकी बहुतेकांची समजूत. आपण दान द्यावं, प्रार्थना करावी आणि सभेला खुर्च्या मांडाव्यात. ही समजूत तुम्ही वाद घालून मोडली नाहीत. तुम्ही मला नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय मोठ्याने वाचायला लावलात. स्तेफनाच्या मरणानंतर यरुशलेमेतल्या मंडळीचा, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समुदायाचा, छळ झाला आणि प्रेषित, म्हणजे येशूने नेमलेले शिष्य, यांच्याखेरीज सगळे यहूदीया व शोमरोन प्रांतांत पांगले, इथे तुम्ही मला थांबवलंत. मग चौथं वचन वाचायला सांगितलंत. पांगलेले लोक सुवार्ता सांगत फिरले. "प्रेषित कुठे होते?" तुम्ही विचारलंत. यरुशलेमेत. "मग सांगत कोण फिरलं?" एवढंच विचारून तुम्ही पुन्हा शिलाई मशीनवर बसलात.

त्या प्रश्नाचा पाठपुरावा मी अकराव्या अध्यायापर्यंत केला. तिथे तर अजूनच थक्क व्हायला होतं. त्याच पांगलेल्यांपैकी काही जण फेनिके, कुप्र आणि अंत्युखियापर्यंत गेले. बहुतेक जण फक्त यहूद्यांशीच बोलत होते. पण कुप्र आणि कुरेनेकडच्या काहींनी अंत्युखियात हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, लोकांनाही प्रभू येशूविषयी सांगितलं आणि पुष्कळ लोक विश्वास ठेवून प्रभूकडे वळले. यरुशलेमेहून बर्णबा आला तो नंतर, तार्सहून शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, त्याने आणलं ते त्याहूनही नंतर. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा जिथे मिळालं, ती ही मंडळी. आणि तिचा पाया घालणाऱ्यांपैकी एकाचंही नाव हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने लिहिलेलं नाही. घरदार सोडून पळालेली ही माणसं होती. त्यांना कोणी नेमलं नव्हतं, निरोपाची सभा झाली नव्हती. जिथे पोचले तिथे पोट भरायला जे काम मिळालं ते करत असतील आणि शेजाऱ्याशी बोलत असतील, असं मला वाटतं. अंत्युखियाची गोष्ट मंडळ्यांमधून वारंवार सांगितली जावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. आपण पौलाचे प्रवास नकाशावर काढून शिकवतो. त्याला प्रवासाला पाठवणारी मंडळी या निनावी लोकांच्या बोलण्यातून उभी राहिली, हे मात्र सांगायचं राहून जातं.

तुम्ही विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याविषयी बोलायचात तेव्हा तुमचा आवाज चढायचा. जोडे शिवणारा माणूस, म्हणून तुम्हाला तो जवळचा. "सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा" ही आज्ञा फक्त प्रेषितांपुरती होती, असं त्याच्या काळात कितीतरी ख्रिस्ती लोक मानत. 1792 साली त्याने लहानसं पुस्तक काढून त्याला उत्तर दिलं. आज्ञा प्रेषितांपुरती असेल, तर बाप्तिस्मा देण्याचा अधिकारही त्यांच्यापुरताच धरावा लागेल आणि "मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे" हे वचनही. वचन आपल्यासाठी ठेवून घ्यायचं आणि आज्ञा मात्र दुसऱ्यांवर ढकलायची, हे जमायचं नाही. पुढे त्याच्याच बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून 1811 मध्ये मराठी नवा करार बाहेर पडला. आपल्या हातातल्या मराठी पवित्र शास्त्राची वाट इतक्या मागून आली आहे, हे मला तुमच्याकडून कळलं.

पण मी ज्याबद्दल सर्वांत जास्त ऋणी आहे ते तुम्ही अध्याय उघडून शिकवलेलं नाही. तुमच्या शेजारच्या बाईंचे यजमान गेले, तेव्हा तुम्ही रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जायचात. एकदा मलाही घेऊन गेलात. मला वाटलं, आता तुम्ही प्रार्थना कराल, एखादं वचन सांगाल. तुम्ही पदर खोचलात आणि मोरीतली भांडी घासायला घेतलीत. घासून, विसळून, पुसून जागच्या जागी लावलीत आणि त्यांच्याजवळ जाऊन बसलात. त्या रडत होत्या, मधेच हिशेबाचं काही बोलत होत्या, परत रडत होत्या. तुम्ही ऐकत होतात. परतताना मी विचारलं, "प्रभूविषयी काहीच का नाही बोललात?" तुम्ही म्हणालात, "अजून त्यांचं बोलून झालेलं नाही."

मग बऱ्याच दिवसांनी त्यांनीच विचारलं, "तुम्ही रोज का येता?" त्या वेळीही मी तिथे होते. तुमचं उत्तर चार-पाच वाक्यांचं होतं. माझा मुलगा गेला तेव्हा मी देवावर फार रागावले होते, तुम्ही म्हणालात. त्या रागातच मी येशूला हाक मारली आणि तो मला सोडून गेला नाही. तो आपल्या पापांसाठी मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, म्हणून मरण हा शेवट आहे असं मी मानत नाही. त्याने मला सांभाळलं, म्हणून मला इथे यावंसं वाटतं. एवढं बोलून तुम्ही गप्प बसलात. पेत्राने लिहिलं आहे ना, तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सदा सिद्ध असा, पण ते सौम्यतेने द्या. हे वचन मला लहानपणापासून पाठ होतं. विचारावंसं वाटेल असं आधी जगावं लागतं आणि विचारल्यावर मात्र तोंड उघडावं लागतं, या दोन्ही बाजू मला त्या दिवशी एकदम दिसल्या. आपल्यातले काही नुसतेच बोलतात. काही "माझं वागणंच माझी साक्ष" म्हणून आयुष्यभर गप्प राहतात. ऐकल्यावाचून लोक विश्वास कसा ठेवतील, हा पौलाचा प्रश्न त्यांनाही लागू आहे.

माझी साक्ष मला कागदावर लिहायला लावलीत तेही आठवतं. मी तीन पानं भरून आणली. तुम्ही पेन्सिल घेऊन "अभिषेक", "पवित्रीकरण", "ओझं मिळालं" अशा शब्दांभोवती गोल करत गेलात आणि म्हणालात, "मंडळीत न आलेल्या माणसाला यातलं काय समजेल?" शेवटी एक पान उरलं. मी कशी होते, प्रभू मला कसा भेटला, आता काय बदललं आणि काय अजून बदलायचं आहे. हा शेवटचा भाग तुम्ही हट्टाने ठेवलात. आपण पूर्ण बरे झालो आहोत असं दाखवू नये, ऐकणाऱ्याला ते खोटं वाटतं आणि ते खोटंच असतं, असं तुमचं म्हणणं. विहिरीवर येशूशी बोललेली शोमरोनी बाई घागर टाकून गावात धावली तेव्हा तिला तरी कुठे सगळं कळलं होतं? "तोच ख्रिस्त असेल काय?" असा प्रश्नच घेऊन ती गेली. आणि गावकरी शेवटी तिला म्हणाले की आता तुझ्या सांगण्यावरून नाही, आम्ही स्वतः ऐकलं म्हणून विश्वास ठेवतो. तिने त्यांना त्याच्यापर्यंत आणलं. पुढचं त्याने केलं.

लोभ आणि भीती यांबाबत तुमच्याइतकं कडक मी कोणाला पाहिलं नाही. कोणी मंडळीत यावं या हिशेबाने केलेली मदत तुम्हाला खपत नसे. "लालूच दाखवून आणलेला माणूस आपल्याकडे येतो, प्रभूकडे येत नाही," हे तुम्ही आम्हा तरुण मुलींना कितीदा बजावलं असेल. दुसऱ्याच्या श्रद्धेची टिंगल करून स्वतःचं सांगणं तर तुमच्या समोर कोणाची छातीच होत नसे. तुमच्या एका मैत्रिणीने तुमचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि शांतपणे नाही म्हटलं. तुमचं येणं-जाणं तसंच राहिलं. मी त्यावर काही बोलले, तर तुम्ही म्हणालात, "तिने नाही म्हटलं म्हणून मी जायचं थांबवलं, तर आधी कशासाठी जात होते?" या एका वाक्याने माझ्या मनातली पुष्कळ भीती गेली. नकार मिळाला की आपण हरलो, असं मला वाटायचं. पौल म्हणतो, मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढवणारा देव. वाढ आपल्या हातात नाही हे मान्य केल्यावर माणसावर प्रेम करायला मन किती मोकळं होतं!

आणि तुमची मापांची वही. पुढच्या पानांवर खांदा, छाती, उंची, बाही. मागच्या बाजूने वही उलटी धरली की नावं. कोणासाठी कधीपासून प्रार्थना करता ते प्रत्येक नावापुढे लिहिलेलं. काही तारखा माझ्या जन्माच्याही आधीच्या. एकही नाव खोडलेलं नव्हतं. वाढत्या वयातल्या मुलीचं माप घेता घेता तुम्ही तिच्या आईला घरचं विचारायचात, आणि ती गेल्यावर मागची पानं उघडायचात. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे जोडपं इफिसात अपुल्लोस या उपदेशकाला जवळ घेऊन देवाचा मार्ग समजावत, तेही हाताने तंबू करणारेच होते. व्यासपीठाची तुम्हाला कधी गरज पडली नाही.

कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच, तरी लिहिते. आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपीय प्रवाशाने त्यांच्याशी आपुलकीने बोलून नव्या कराराची प्रत त्यांच्या हातात दिली. 1895 मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांची भजनं आज आपण प्रत्येक उपासनेत गातो. तो प्रवासी कोण होता, हे आपल्याला माहीत नाही. डब्यात समोर बसलेल्या माणसाशी तो बोलला, इतकंच त्याचं काम होतं, आणि ते त्याने केलं.

माझ्या कचेरीत माझ्या शेजारी बसणारी एक जण गेल्या काही महिन्यांपासून मार्काचं शुभवर्तमान वाचते आहे. मी तिला वाचायला सांगितलं नव्हतं. तिच्या आईच्या आजारपणात मी तिच्यासोबत थांबत होते, तेव्हा तिने विचारलं आणि मी माझं एक पान सांगितलं. आता ती प्रश्न विचारते, आणि प्रश्न अवघड असतात. गरसेकरांच्या देशातल्या, भुतं निघून बऱ्या झालेल्या त्या माणसाला येशूबरोबर जायचं होतं, मग त्याला घरी का पाठवलं, असं तिने परवा विचारलं. मी म्हटलं, घरच्यांना सांगायला. ती म्हणाली, "त्यांनीच तर त्याला सर्वांत वाईट अवस्थेत पाहिलं असेल." हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, मावशी. तिचं नाव माझ्या वहीत आहे, तुमच्याही वहीत लिहा.

आणखी एक मागणं आहे. तरुण संघात पुढच्या महिन्यात आठवा अध्याय घ्यायचा आहे. मुलांनी तो तुमच्याकडून ऐकावा, अशी माझी इच्छा आहे. पाळकसाहेबांशी बोलले, ते आनंदाने हो म्हणाले. संतांना, म्हणजे विश्वासणाऱ्यांना, सेवेसाठी तयार करणं हेच आपलं काम, असं म्हणाले. एकटीला विचारलं असतं तर तुम्ही "मला कुठे बोलता येतं" म्हणून टाळलं असतंत. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचायला मोकळं ठेवलं आहे. शनिवारी संध्याकाळी मी तुम्हाला न्यायला येईन.

प्रभूमध्ये तुमची,
मंडळीतली लेक