एक्स्टेन्शन मोबाईलवर फॉरवर्ड होत नाही आणि तुमचा सपोर्ट म्हणतो टेबलावर माणूस बसवा

प्रति,
सर्व्हिस हेड आणि त्यांच्या वर जे कोणी असतील ते,

विषय : एक्स्टेन्शन २०४ आणि बाकी सर्व्हिस टीमचं कॉल फॉरवर्डिंग, आणि आजचा तुमच्या सपोर्टचा फोन

आत्ताच तुमच्या सपोर्टवाल्याचा फोन ठेवला. डोकं शांत झालं की लिहावं असं मनात होतं, पण ते शांत व्हायची वाट पाहिली तर आजचाही दिवस जाईल. ऑफिसच्या फोनची सिस्टीम तुमची, मेनू तुमचे, त्यामुळे आमच्याकडे काय बसवलंय ते सांगत बसत नाही. 'रिझॉल्व्ह्ड' म्हणून बंद केलेली सगळी तिकिटं तुमच्याकडे आहेत, उघडून बघा.

आमचं काम कोल्ड स्टोरेजच्या मशीन दुरुस्तीचं. ऑफिस रामदासपेठेत आणि गिऱ्हाईक कळमना, कापसी, बुटीबोरी, काटोल असं पसरलेलं. इंजिनीअर दिवसभर बाहेर असतात, ते त्यांचं कामच आहे आणि म्हणूनच तुमची सिस्टीम घेतली. इंजिनीअरचा २०४ आधी टेबलावर वाजेल, कोणी उचलला नाही तर मोबाईलवर जाईल, मोबाईल लागला नाही तर परत रिसेप्शनला येईल, हे तुमच्या सेल्सवाल्यानं समोर बसून कोटेशनवर लिहून दिलं होतं. त्यातलं फक्त पहिलं नीट होतं, टेबलावर वाजतं.

नो-आन्सरचा टाइम, म्हणजे टेबलावरचा फोन किती वेळ वाजू द्यायचा तो, २० सेकंद ठेवलाय आणि आयव्हीआरचा, म्हणजे गिऱ्हाईकाशी बोलणाऱ्या रेकॉर्डेड आवाजाचा, एकूण टाइमआउट ३० सेकंद. म्हणजे मोबाईलच्या वाट्याला १० सेकंद. त्यात कॉल लागायलाच तीन-चार सेकंद जातात, उरतात दोन रिंगा. माणूस शिडीवर आहे, हातात पाना आहे, हातमोजे आहेत, तो हातमोजा काढून खिशात हात घालतो तोवर कॉल कट आणि तिकडे गिऱ्हाईकाला 'धन्यवाद, कृपया नंतर प्रयत्न करा' ऐकू येतं. रिसेप्शनला परत यायचा तर प्रश्नच नाही, कॉल तिथंच मरतो. हे दोन्ही आकडे तुमच्याच सेटिंगच्या पॅनेलवर आहेत, मी स्क्रीनशॉट काढून पाठवला, उत्तर काय तर 'फॉरवर्डिंग ॲक्टिव्ह दिसतंय सर'. तो हिरवा ठिपका मलाही दिसतो हो. मला मोबाईल वाजायला पाहिजे.

बरं मिस्ड कॉल बघून परत लावावा म्हटलं तर मोबाईलवर आमचाच ०७१२ वाला नंबर येतो. कोण होतं कळत नाही, परत लावला की आमचाच आयव्हीआर बोलतो. तुमचं म्हणणं की टेलिकॉम कंपनी आपल्या ट्रंकवरून, म्हणजे ऑफिसला दिलेल्या बाहेरच्या लाइनवरून, दुसऱ्याचा नंबर पाठवू देत नाही. मान्य, नियम तसाच आहे. मग 'मोबाईलवर मूळ कॉलरचा नंबर दिसेल' ही ओळ कोटेशनमध्ये कोणी टाकली? नियम काही आमचं बिल फाटल्यानंतर आलेला नाही. आता म्हणता ॲप वापरा. ॲपवर नंबर दिसतो खरा, पण ॲप उघडं असलं तर. बॅटरी सेव्हरनं मागच्या मागे बंद केलं की नोटिफिकेशनच येत नाही. आणि पफ पॅनेलच्या (जाड इन्सुलेशनच्या भिंतींच्या) चेंबरमध्ये डेटा कुठून येणार, तिथं साधी रिंग मुश्किलीनं येते. म्हणून तर साधं फॉरवर्डिंग मागितलं होतं!

चॅनेलचंही तेच, म्हणजे एका वेळी किती कॉल चालतील त्या लाइनींचं. फॉरवर्ड झालेला प्रत्येक कॉल दोन चॅनेल खातो, एक आत येणारा आणि एक बाहेर जाणारा. आमच्याकडे १० आहेत, म्हणजे पाच इंजिनीअर बाहेर बोलत असले की सहाव्या गिऱ्हाईकाला एंगेज टोन. विकताना एक शब्द बोलले नाही तुम्ही, आता म्हणता चॅनेल वाढवा, पैसे भरा.

याची किंमत काय असते ते ऐका. मे महिन्यात कापसीला एका स्टोरेजचा अमोनिया कॉम्प्रेसर हाय प्रेशरवर ट्रिप होऊन राहिला होता. नागपूरचा मे, बाहेर पारा ४५ च्या वर, आत व्यापाऱ्यांची मिरची भरलेली. मालक २०४ लावून राहिले आणि कट होऊन राहिला. आमचा माणूस तिथून जवळच कळमन्याला, मोबाईल चालू, चार्ज फुल. त्याला दोन रिंगांचा मिस्ड कॉल दिसला, नंबर ऑफिसचा, त्याला वाटलं रिसेप्शननं लावला असेल. शेवटी मालकांनी कुठून तरी माझा नंबर मिळवला आणि पहिलं वाक्य काय, तर 'ऑफिस बंद केलं का तुम्ही?' माझ्या वडिलांपासूनचं गिऱ्हाईक आहे ते. त्यांना मी काय सांगू, आमचा फोन ॲक्टिव्ह दिसतो म्हणून?

आता आजचं. सकाळी लाईट जाऊन आली, सिस्टीम रीस्टार्ट झाली आणि सगळ्यांचं फॉरवर्डिंग उडालं. लाईट गेली की हे होतंच, त्याचंही तिकीट आहे, तेही 'रिझॉल्व्ह्ड' आहे. सपोर्टला लावलं. आधी तिकीट नंबर, मग कंपनीचं नाव, मग परत तिकीट नंबर. मग म्हणे,

'सर, ज्या एक्स्टेन्शनचं फॉरवर्ड करायचं त्या फोनवरून कोड डायल करा.'

मी म्हटलं तो माणूस बुटीबोरीला आहे.

'हो सर, त्यांना सांगा ना कोड डायल करायला.'

कोणत्या फोनवरून?

'त्यांच्या टेबलावरच्या, सर.'

मी म्हटलं दादा, तो टेबलावर नाही म्हणूनच फॉरवर्ड पाहिजे, टेबलावर असता तर फोन उचलला असता ना त्यानं.

'मग त्यांना एकदा ऑफिसला यावं लागेल सर.'

बुटीबोरीहून तीसेक किलोमीटर यायचं, कोड दाबायचा, परत जायचं. बाकीच्यांनीही तेच करायचं. मी विचारलं पॅनेलवरून सगळ्यांचं एकदम होत नाही का? तर होतं, पण तो राइट, म्हणजे परवानगी, पार्टनर लेव्हलचा (तुमच्या लोकांचा) आहे, आमच्या लॉगिनला लॉक आहे. मग तुम्ही करून द्या. 'त्यासाठी रिक्वेस्ट टाकावी लागेल सर.' मग होल्ड. बराच वेळ ते म्युझिक. आणि परत येऊन काय म्हणतो,

'सर, असं करा, टेबलावर कोणाला तरी बसवून ठेवा, फोन आला की ते मोबाईलवर कळवतील. तुमचे एम्प्लॉयी सीटवर बसत नाहीत का?'

आणि मागे कोणीतरी हसलं. स्पष्ट ऐकू आलं मला.

सीटवर बसत नाहीत का! माझी पोरं उन्हातान्हात गच्चीवरचे कंडेन्सर साफ करतात, रात्री-बेरात्री अमोनियाच्या वासात व्हॉल्व्ह बदलतात. ते सीटवर नसतात म्हणून विदर्भातल्या शेतकऱ्यांचा आणि व्यापाऱ्यांचा माल टिकतो. त्यांच्याबद्दल हसायचा अधिकार तुमच्या ऑफिसातल्या कोणालाही नाही आणि याबद्दल मला माफी पाहिजे, मला नाही, त्यांना.

फोन ठेवल्यावर त्याच माणसानं व्हॉट्सॲपवर *४०१# चा मेसेज टाकला, 'मोबाईलवरून हे ट्राय करा सर'. अहो तो कोड उलट मोबाईलचे कॉल दुसरीकडे वळवतो, फ्रॉडवाले लोकांना हेच डायल करायला लावायचे, म्हणून टेलिकॉम खात्यानं यूएसएसडीवरचं, म्हणजे असे * # वाले कोड डायल करून होणारं, फॉरवर्डिंग १५ एप्रिल २०२४ पासून बंद करायला लावलं. माझ्या एखाद्या पोरानं विश्वासानं डायल केला असता तर? टेलिफोन विकणाऱ्या कंपनीला हे माहीत नसावं याचं खरंच वाईट वाटलं. तुमचं नाव ऐकून घेतली होती सिस्टीम, आणखी दोघांना मीच सुचवली होती. त्यांना आता काय तोंड दाखवू?

टाइमआउट वाढवा, मोबाईल लागला नाही की कॉल रिसेप्शनला परत आणा, लाईट गेल्यावर सेटिंग टिकली पाहिजे आणि पॅनेलचा राइट आमच्या लॉगिनला द्या. यातलं एकही काम नवीन मशीन मागत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कॉलर आयडीचं जमणार नसेल तर तसं लेखी द्या आणि त्याचे घेतलेले पैसे परत करा. एएमसीचा (वर्षाच्या देखभालीचा) चेक सही करून ड्रॉवरमध्ये ठेवलाय, तो तोपर्यंत तिथंच राहील. लँडलाईनचा नंबर मोबाईलसारखा पोर्ट होत नाही म्हणून हे कुठं जातात असं तुम्हाला वाटत असेल, तर नंबर ट्रंकवर आहे आणि ट्रंक टेलिकॉम कंपनीची आहे. तुमचा डबा काढून दुसऱ्याचा लावायला नंबर बदलावा लागत नाही. पुढच्या सोमवारपर्यंत काम झालं नाही तर डबा काढतो आणि कोटेशनची कॉपी जोडून वकिलाची नोटीस पाठवतो.

उत्तर मेलवर लेखी पाहिजे, तुमच्या सहीनं. तिकीट बंद केल्याचा मेसेज चालणार नाही.

प्रोप्रायटर,
रामदासपेठ, नागपूर