उशीर आम्ही केलेला नाही

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत बारावीनंतरच्या वाटांवरचा लेख वाचला. आपला अंक आमच्याकडे ग्वाल्हेरला एक दिवस उशिरा पोहोचतो, म्हणून हे पत्र मंगळवारी रात्री, घरातली सगळी निजल्यावर लिहायला घेतले आहे. नर्सिंगबद्दल लेखकांनी जे चांगले लिहिले आहे त्याबद्दल त्यांचे आभार. पण शेवटच्या परिच्छेदात त्यांनी तिशी उलटलेल्या संसारी बायकांना या वाटेला न येण्याचा सल्ला दिला आहे. कारणे तीन दिली आहेत. पाठांतर होत नाही, नाइट ड्यूटी झेपत नाही आणि तरुण मुलींच्या जागा अडतात. हे तिसरे कारण वाचल्यापासून माझे मन थाऱ्यावर नाही.

२०२० च्या अखेरीस, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, मी बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने तेच वर्ष परिचारिका आणि सुईणींचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्याच वर्षीच्या अहवालात जगभरात ५९ लाख परिचारिका कमी पडतात असे छापले होते. ५९ लाख माणसे कमी असताना मी नेमकी कुणाची जागा अडवली, हे लेखकांनी मला सांगावे. माझ्या वर्गातली शेवटची दोन बाके पहिल्या दिवसापासून रिकामीच होती.

पाठांतराचे म्हणाल, तर त्रास झाला, खोटे कशाला सांगू? माझी बारावी २००५ ची आणि तीही हिंदी माध्यमातून. पुस्तके सगळी इंग्रजी. घरात ज्याला आपण यकृत म्हणतो ते वॉर्डात लिव्हर आणि पुस्तकात हिपॅटिक. मुलाच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर मी असे तीन-तीन रकाने आखायची आणि पोळ्या लाटताना समोरच्या फळीला टेकवून ठेवायची. सलाइनचे गणित त्यानेच माझ्याकडून घोटून घेतले. तेव्हा तो सातवीत होता. ५०० मिलिलिटर, आठ तास, सेटमधून एका मिलिलिटरला २० थेंब, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. पहिल्यांदा वॉर्डात घड्याळ लावून थेंब मोजले तेव्हा बरोबर एकवीस भरले. शेजारी उभी असलेली एकोणीस वर्षांची मुलगी त्या दिवशी बारा मोजून मोकळी झाली होती. तिला मी परत मोजायला लावले. वर्गात पहिले दोन दिवस या मुलींनी मला आंटी म्हटले, तिसऱ्या दिवसापासून दीदी, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री सगळ्याजणी वह्या घेऊन माझ्याच घरी.

नाइट ड्यूटीचे आता. आमच्या नानांना, म्हणजे सासऱ्यांना, २०१६ साली लकवा मारला. उजवी बाजू गेली, गिळता येईना, नाकातून नळी घातली. २०१९ पर्यंत, ते जाईपर्यंत, तीन वर्षे मी त्यांचे सगळे केले. डोके उंच करून नळीतून पेज, कपडे बदलणे, अंग पुसणे, रात्री दोनदा-तीनदा उठून पाहणे. तेव्हा घरातल्या किंवा बाहेरच्या एकानेही मला विचारले नाही की बाई, रात्रीची ड्यूटी तुला झेपते का?

इथे एक गोष्ट लिहिते. आजवर ती मी फक्त यजमानांना सांगितली आहे. नाना अंथरुणाला खिळल्यावर महिनाभरात त्यांच्या माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल चट्टा उठला. मला वाटले, रक्त साकळले असेल. मी रोज सकाळ-संध्याकाळ खोबरेल कोमट करून ती जागा चोळायची, चांगली पाच-पाच मिनिटे, मनापासून. पंधरा दिवसांत कातडी सुटली. मग जखम, मग तिला खड्डा, मग वास. शेवटपर्यंत ती जखम भरली नाही. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात मी वाचले की अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते, आणि लाल झालेली जागा कधीही चोळायची नसते, चोळल्याने आतले आणखी फाटते. पुस्तक मिटून मी किती वेळ तशीच बसून राहिले मला आठवत नाही. कुकरची शिट्टी झाली तेव्हा उठले. एवढी साधी गोष्ट आहे ही. मला कुणी सांगितली असती तर नानांची ती जखम टळली असती. अठरा वर्षांच्या मुलीला ते वाक्य दोन मार्कांचे असते. माझ्यासाठी ते तसे नव्हते. आज वॉर्डात म्हाताऱ्या माणसाला कुशीवर वळवल्याशिवाय मी पुढच्या खाटेकडे जात नाही. मग सिस्टर कितीही घाई करोत.

आता ज्यासाठी मुळात लिहायला बसले ते. आमच्या मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांचे काय झाले हे आपल्या वाचकांना माहीत आहे, मी पुन्हा सांगत बसत नाही. मान्यता मिळालेल्या कॉलेजांत कुठे रुग्णालयच नाही, कुठे एकच शिक्षक अनेक कॉलेजांच्या कागदांवर. फेब्रुवारी २०२३ मध्ये, ऐन परीक्षेच्या तोंडावर, उच्च न्यायालयाच्या आमच्या ग्वाल्हेर खंडपीठाने परीक्षांना स्थगिती दिली. ती चुकीची होती असे मी मुळीच म्हणत नाही. पुढे सीबीआयची चौकशी लागली, आणि मे २०२४ मध्ये त्याच चौकशीतले अधिकारी लाच घेताना पकडले गेले. या सगळ्यात माझी पहिल्या वर्षाची परीक्षा, जी २०२१ मध्ये व्हायला हवी होती, तिला २०२४ उजाडले. फी मात्र दर वर्षी वेळेवर घेतली. पहिल्या वर्षासाठी मी माझ्या पाटल्या मोडल्या होत्या, दुसऱ्यासाठी यजमानांनी सोसायटीतून कर्ज काढले. चार वर्षांच्या कोर्सचे हे सहावे वर्ष चालू आहे आणि शेवटचा निकाल अजून यायचा आहे.

मागच्या महिन्यात इथल्या एका खासगी रुग्णालयात मुलाखतीला गेले. निकाल लागेपर्यंत शिकाऊ म्हणून घेतात असे ऐकले होते. समोरच्या गृहस्थांनी कागद पाहिले, वयाच्या रकान्यावर पेन ठेवले आणि म्हणाले, “चार साल का कोर्स है मैडम, आपने छह लगा दिए. इस उम्र में ऐसा होता है.” मी सांगायला लागले की परीक्षाच झाल्या नाहीत, साऱ्या राज्यात झाल्या नाहीत, माझ्याबरोबरच्या पंचवीस वर्षांच्या मुलीही तिथेच अडकल्या आहेत. त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली आणि पुढचे नाव पुकारले. जिना उतरताना माझे पाय लटपटत होते. माझ्याच वर्गातल्या दोघी मुलींना तिथे घेतले याचा मला आनंदच आहे. त्यांनाही सहाच वर्षे लागली आहेत. त्यांना ते विचारले नाही.

म्हणून लेखकांना माझे हात जोडून सांगणे आहे की आमचे वय मोजताना ही वाया गेलेली वर्षे आमच्या खात्यावर टाकू नका. उशीर आम्ही केलेला नाही. आणि वयच काढायचे असेल तर दर वर्षी १२ मे च्या, परिचारिका दिनाच्या अंकात आपण फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे दिवा घेतलेले चित्र छापता. त्यांचा जन्म १८२० चा. जर्मनीत कैसर्सवेर्थला त्या रुग्णसेवा शिकल्या १८५१ मध्ये, आणि क्रिमियाच्या युद्धात सैनिकांच्या सेवेला पोहोचल्या १८५४ मध्ये, चौतिसाव्या वर्षी. आपल्या पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने विधवा बायकांना नर्सिंग शिकायला धाडले, तेव्हाही त्या बायकांना लोकांनी कमी बोल लावले नसतील. डॉक्टर व्हायचे असेल तर २०२२ पासून नीट परीक्षेला वयाची वरची मर्यादा उरलेली नाही. मग आम्ही पाठ करू शकत नाही, आम्हाला झेपत नाही, हे नर्सिंगच्याच बाबतीत का लिहावेसे वाटते?

पुरवणीचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. लेखासोबत डोक्यावर पांढरी टोपी घातलेल्या, हसऱ्या मुलीचा फोटो होता. आमच्याकडे ती टोपी कुणी घालत नाही. त्यापेक्षा संध्याकाळची ड्यूटी आठला सुटते तेव्हा इथल्या कंपू भागात प्रवासी टेम्पोची वाट पाहत उभ्या असलेल्या मुलींचा फोटो छापा. आठनंतर टेम्पो मिळणे नशिबावर, ई-रिक्षावाले दुप्पट मागतात, आणि थंडीच्या दिवसांत रस्त्यावर धुके इतके असते की समोरून येणारे वाहन दिसत नाही. आम्ही चौघी-पाचजणी मिळून महाराज बाड्यापर्यंत, म्हणजे इथल्या मुख्य चौकापर्यंत, चालत येतो. याबद्दल आपल्या वार्ताहरांनी एकदा तरी लिहावे.

आता हे पत्र घाईने का पाठवते आहे ते सांगते. आमच्या वाड्यात मागच्या बाजूला एक बाई राहतात. वय छत्तीस, बारावी जीवशास्त्र, आईची सहा वर्षे शुश्रूषा केलेली, हात इतका हलका की माझ्या मुलाच्या टाचेत गेलेली काच त्यांनीच काढली होती, त्याला कळलेही नाही. गेले दोन महिने त्या नर्सिंगचा फॉर्म भरायचा म्हणून माझ्याकडे येऊन बसत होत्या. बारावीची गुणपत्रिका, मूळनिवासी दाखला, फोटो, सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत लावून ठेवले होते. आपला अंक त्यांच्याकडेही येतो. काल संध्याकाळी त्या पिशवी माझ्याकडे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, पेपरात लिहिलंय ते खरंच असेल ना. हे तुमच्याकडेच राहू दे, घरात दिसलं की मलाच कसंतरी होतं.” मी खूप समजावले. त्या ऐकून घेत होत्या, पण मान वर करत नव्हत्या.

पिशवी माझ्या कपाटात आहे. माझे बोलणे त्यांना शेजारणीचे वाटते, छापलेले खरे वाटते. फॉर्मची शेवटची तारीख दहा दिवसांवर आली आहे, तेव्हा हे पत्र कापूनछाटून का होईना पण या आठवड्यातच छापावे, ही नम्र विनंती. माझे नाव मात्र देऊ नये. निकाल अजून हातात आलेला नाही.

आपली,
एक वाचक
लष्कर, ग्वाल्हेर