शेकोटीपाशी विचारलेला प्रश्न

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात एका ख्रिस्ती वाचकाने लिहिलं होतं की श्रद्धा रविवारच्या उपासनेपुरती ठेवावी आणि सोमवारपासून जगाच्या रीतीने चालावं, नाहीतर माणूस मागे पडतो. ते वाचून मला राग आला नाही, कारण ते बोलणं माझ्या ओळखीचं होतं. मी स्वतः ते एकदा जगून पाहिलं आहे, म्हणून हे पत्र.

मी तीस वर्षं एका कारखान्याच्या तपासणी विभागात नोकरी केली. काम व्हॉल्व्ह तपासण्याचं. प्रत्येक व्हॉल्व्ह टेस्ट बेंचवर आवळायचा, आतली हवा काढून पाणी भरायचं, ज्या दाबासाठी तो बनवला आहे त्याच्या दीडपट दाब चढवायचा आणि ठरलेला वेळ तसाच धरून ठेवायचा. तेवढ्या वेळात गेजचा काटा हलता कामा नये. कास्टिंगमध्ये केसाएवढं छिद्र असलं तरी दाबाखाली ते उघडं पडतं. कोरड्या फडक्याने पुसून बॅटरीच्या उजेडात बघितलं की पुन्हा त्याच जागी मोहरीएवढा थेंब उभा राहतो. आम्ही म्हणायचो, ‘घाम फुटला.’ मग त्या जागेभोवती खडूने गोल करायचा आणि तो व्हॉल्व्ह बाजूला ठेवायचा. शेवटी रजिस्टरमध्ये नंबर, दाब, वेळ, निकाल लिहून सही करायची. त्या सहीवर पुढे टेस्ट सर्टिफिकेट निघायचं.

एका महिनाअखेरीला दाब चढवणाऱ्या पंपाचं सील गेलं. बारा व्हॉल्व्ह तपासायचे राहिले होते आणि गाडी दाराशी उभी होती. साहेब ओरडले नाहीत की धमकावलं नाही. शेजारी येऊन खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “आजवर या लॉटमधला एकही परत आलेला नाही. तुझ्याइतका अनुभव कोणाला आहे? आकडे लिही, सही कर, माल जाऊ दे.” आणि मी लिहिले. बाराही ओळी भरल्या. मधे पेन बदललं, निळं ठेवून काळं घेतलं आणि पुन्हा निळं, म्हणजे सगळं एका बैठकीत लिहिल्यासारखं दिसू नये. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. माझ्या हाताला ते आपोआप सुचलं. इतक्या वर्षांनंतरही त्या सहीपेक्षा ते बदललेलं पेनच मला जास्त आठवतं.

त्याच रविवारी उपासनेत शास्त्रवाचन माझ्याकडे होतं. मी उभा राहिलो, वाचलं, खाली बसलो. आवाज जराही कापला नाही. लोकांनी नंतर हात हातात घेऊन ‘छान वाचलंत’ म्हटलं. माझी खरी भीती तिथून सुरू झाली.

आपण ख्रिस्ती लोक ‘जगाचा प्रभाव’ म्हटलं की कपडे, गाणी, सिनेमा, हातातला मोबाइल यांच्याकडे बोट दाखवतो. त्यांत जपण्यासारखं काही नाही असं मी म्हणत नाही. रात्री दीड वाजता माणूस एकटा पडद्यात काय बघतो, याचा त्याच्या प्रार्थनेशी संबंध असतोच. पण बायबलमधलं डोंगरावरचं प्रवचन उघडून बसलं की प्रभू येशू कशाकशाबद्दल बोलला ते दिसतं. भावावरचा राग, वासनेची नजर, शपथा, लोकांना दिसावं म्हणून दिलेला दानधर्म, कोपऱ्यावर उभं राहून केलेली प्रार्थना, साठवलेलं धन, उद्याची चिंता. यांपैकी किती गोष्टी मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, दाराबाहेर थांबतात? दानाच्या यादीत आपलं नाव कुठे आलं हे आपण शोधतो. कमिटीच्या निवडणुकीत एकमेकांशी अबोला धरतो. सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला चांगली जागा देणाऱ्या आणि गरिबाला ‘तिथे उभा राहा’ म्हणणाऱ्या मंडळीला याकोबाने बायबलमधल्या आपल्या पत्रात खडसावलं आहे. म्हणजे पहिल्या शतकातसुद्धा जग दाराबाहेर थांबलेलं नव्हतं, पुढच्या बाकावर बसलेलं होतं.

‘ह्या युगाबरोबर समरूप होऊ नका’ असं प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलं. समरूप होणं एका दिवसात घडत नाही. पाणी जसं भांड्याचा आकार घेतं तसे आपण साहेबांचा, मित्रांचा, नात्यागोत्याचा आकार घेत जातो, आणि तो आपलाच आहे असं वाटू लागतं. देमासाचं नाव पवित्र शास्त्रात तीनदा येतं. फिलेमोनाच्या पत्रात तो पौलाचा सहकारी आहे, कलस्सैकरांच्या पत्रात लूकच्या बरोबरीने सलाम सांगतो आहे, आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याला ऐहिक सुख प्रिय झालं व तो थेस्सलनीकास निघून गेला. मधे काय झालं ते पौल सांगत नाही. मला वाटतं, मधे सांगण्याजोगं मोठं काही झालंच नसेल.

इतिहासातली एक गोष्ट मला त्या रजिस्टरामुळे फार जवळची वाटते. इ. स. २५० च्या सुमारास रोमी सम्राट डेसियसने फर्मान काढलं की प्रत्येकाने देवतांना बली अर्पण करून तसा दाखला घ्यावा. त्यातले चाळीसहून अधिक दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडले आहेत. मजकूर जवळपास ठरलेला असे. मी नेहमीच देवतांना बली वाहत आलो आहे, आत्ताही तुमच्या देखत वाहिला आहे, तरी तसं प्रमाणित करावं. खाली साक्षीदारांच्या सह्या. कित्येक ख्रिस्ती माणसांनी प्राण दिले पण बली वाहिला नाही. कित्येकांनी भीतीने वाहिला. आणि तिसरा एक गट होता. त्यांनी बली वाहिला नाही, पण अधिकाऱ्याला पैसे देऊन दाखला मिळवला. त्यांचं म्हणणं असं असणार की आपण मूर्तीपुढे हात जोडलेच नाहीत, हा तर नुसता कागद आहे.

नुसता कागद! माझ्याही मनात अगदी तेच शब्द होते.

उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराच्या मंडळीने तो कागद नुसता कागद मानला नाही, दाखला घेणाऱ्यांना पतितांत, म्हणजे विश्वासापासून ढळलेल्यांतच धरलं. पण पुढे २५१ साली तिथे सभा भरली आणि ठरलं की अशा लोकांची एकेकाची चौकशी करून, पश्चात्ताप पाहून त्यांना परत घ्यावं. तिथला बिशप सिप्रियन स्वतः छळाच्या दिवसांत लपून राहिला होता आणि त्याबद्दल त्याला बोल लावले गेले होते. पुढे २५८ साली त्याच माणसाने विश्वासासाठी शिरच्छेद पत्करला. खोट्या सहीला खोटी म्हणायचं आणि सही करणाऱ्याला घराबाहेर काढायचं नाही, या दोन्ही गोष्टी त्या मंडळीने एकत्र केल्या. आपल्याला बहुधा दोन्हींपैकी एकच जमते.

सांगायला मी अकरा दिवस घेतले. आधी पत्नीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “उद्याच सांगा. परवा तुम्हाला जमणार नाही.” दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिलो. व्हायचं ते झालं. गिऱ्हाइकाला कळवावं लागलं, बाराही व्हॉल्व्ह परत आले, बेंचवर चढले. मी स्वतः एकेकाला दीडपट दाब दिला.

बाराही पास झाले. एकालाही घाम फुटला नाही.

विभागात लोक म्हणाले, “बघ, उगाच केलंस.” आणि जगाच्या हिशेबाने ते बरोबरच बोलत होते. नुकसान झालं नाही, कोणी दुखावलं नाही, मग चूक कुठली? एखादा गळका निघाला असता तर माझी बाजू सोपी झाली असती. तसं झालं नाही हे बरं झालं. नाहीतर मी जन्मभर समजत राहिलो असतो की खोटं वाईट, कारण ते अंगाशी येतं. ते बारा व्हॉल्व्ह निर्दोष होते आणि माझ्या बारा ओळी खोट्या होत्या. ‘तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असू द्या’ असं प्रभूने सांगितलं, तिथे परिणाम काय होईल याचा उल्लेखही नाही.

मला त्याची किंमत मोजावी लागली. बढतीच्या यादीतून नाव गेलं आणि ते पुन्हा कधी आलं नाही. त्याचा सल आजही आहे, नाही कसा म्हणू? पण त्याहून मोठा सल वेगळाच आहे. त्या अकरा दिवसांत मी दोन रविवारी उपासनेला गेलो, एका प्रार्थनासभेला गेलो, पाळकांशी बोललो, आणि यांपैकी कुठेही हे काढता आलं नाही. तिथे साक्ष द्यायची ती विजयाची. हरलेल्या माणसाने आपली गोष्ट मांडावी अशी जागाच नव्हती.

म्हणून प्रभूचा शिष्य पेत्र याची गोष्ट मी अलीकडे वेगळी वाचतो. प्रभूला अटक झाली त्या रात्री ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणून त्याने प्रभूला नाकारलं, ते रोमी सुभेदार पिलातासमोर नाही, वधस्तंभापाशीही नाही. थंडी होती, चाकर आणि शिपाई कोळशाच्या शेकोटीभोवती उभे होते, तोही शेकत उभा होता. विचारणारी एक दासी. शेकोटीभोवती सगळे परके. अशा ठिकाणी प्रश्न येतो तो तत्त्वाचा वाटतच नाही. शेकोटीजवळची जागा सुटू नये एवढंच वाटतं. त्याउलट बंदिवान म्हणून बाबेलात नेलेला दानिएल बघा. त्याने तिथली विद्या घेतली, भाषा घेतली, बेल्टशस्सर हे परकं नावही सहन केलं, राजाची चाकरी केली. नाकारलं ते राजाच्या ताटातलं अन्न. तेही आदळआपट करून नाही. दहा दिवस भाजीपाला आणि पाणी देऊन पाहा, अशी त्याने नम्र विनंती केली. आणि तो एकटा नव्हता, हनन्या, मीशाएल आणि अजऱ्या त्याच्याबरोबर होते. इ. स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा (आजच्या तुर्कस्तानातला प्रांत) रोमी सुभेदार प्लिनी सम्राट त्राजानाला ख्रिस्ती लोकांविषयी कळवतो, त्यातही हेच दिसतं. हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तवन गातात आणि चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, विश्वासाने सोपवलेली ठेव नाकारणार नाही अशी शपथ घेतात. त्या लोकांना शिक्षा देणाऱ्या माणसाने लिहिलेलं हे आहे. ठेव आणि दिलेला शब्द या बाजारातल्या, व्यवहारातल्या गोष्टी, आणि त्यांसाठी ते पहाटे एकत्र येत होते.

त्या वाचकाला माझं सांगणं एवढंच की व्यवहारात श्रद्धा टिकत नाही हा त्यांचा अनुभव मी खोटा म्हणणार नाही. एकट्याने ती फार वेळ टिकत नाही हे मी पाहिलं आहे. ‘त्यांना जगातून काढून घे’ अशी प्रार्थना प्रभूने केली नाही, वाइटापासून राखण्याची केली, आणि लगेच पुढे ते सर्व एक असावेत म्हणून केली. माझी आपल्या सगळ्या मंडळ्यांना कळकळीची विनंती आहे. तरुणांना ‘जगापासून सावध राहा’ हे सांगून झालं असेल, तर आता त्यांना विचारा की कामावर तुझ्यापुढे कुठला कागद सहीला येतो. ज्याने सही नाकारून नोकरी घालवली त्याच्या घरचा पुढचा महिना कसा चालणार, हा प्रश्न कमिटीच्या बैठकीत घ्या. रंगरंगोटीचा निधी थोडा थांबेल. आणि आम्ही पिकल्या केसांच्या लोकांनी आपली पेनं कुठे बदलली होती ते मुलांना सांगावं. मी संडे स्कूलच्या मोठ्या मुलांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वर्गात बराच वेळ कोणी बोललं नाही. वर्ग सुटल्यावर दोघं मागे थांबली.

त्यांपैकी एकाचा मध्यंतरी फोन आला. जिन्यात उभा राहून बोलत होता, आवाज घुमत होता. “काका, सही मागताहेत. न झालेल्या कामाच्या बिलावर.” मी त्याला उपदेश केला नाही. काय म्हणशील ते आधी मला म्हणून दाखव, एवढं सांगितलं. त्याने दोनदा म्हणून दाखवलं, दुसऱ्यांदा जरा बरं जमलं. आम्ही छोटीशी प्रार्थना केली. मग तो म्हणाला, “काका, फोन ठेवू नका, मी खिशात ठेवतो.” दार उघडल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली. तो परत बाहेर येईपर्यंत मी फोन कानाला लावून बसलो होतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त तपासनीस