आप्पा, तिकिटं काढलीत, आता नाही म्हणू नका

आई, आप्पा,

फोनवर तुम्ही दोघांनी इकडं यायचा विषय काढला की आप्पा "बघू की, अजून वर्ष आहे" म्हणतात आणि आई गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवते, म्हणून लिहितेय. दादा रविवारी प्रिंट काढून आणून देईल. दोघांनी एकत्र बसून वाचा. आप्पांनी आधी वाचायचं आणि आईला अर्धंच सांगायचं, असं नको.

तर तिकिटं काढून झालीत. पुढच्या मेमध्ये, चौघांची, मुंबई ते लंडन, ब्रिटिश एअरवेजची, बिझनेस क्लासची. तुम्हाला न विचारता काढली हे चुकलंच माझं, पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता आणि सीट गेल्या असत्या. पॉइंटवरच्या सीट, म्हणजे कार्डावरच्या खर्चातून साठवलेले पॉइंट देऊन मिळतात त्या, प्रवासाच्या ३५५ दिवस आधी उघडतात, लंडनच्या रात्री १ ला, म्हणजे तुमच्याकडं पहाटे साडेपाच, आईचा सडा-रांगोळीचा टाइम. एका विमानात बिझनेसच्या निदान ४ सीट पॉइंटवाल्यांसाठी ठेवतात, आणि आपण बरोबर चौघं. मी आणि तुमचे जावई दोन लॅपटॉप घेऊन बसलो होतो. चारी सीट एकदम मिळाल्या तेव्हा मला रडूच आलं.

आता आप्पा, पैशाचं. तुम्ही लगेच पौंडाचे रुपये करून बघाल म्हणून आधीच सगळं सांगते. आमच्या दोघांच्या नावावर ब्रिटिश एअरवेजचं एकेक क्रेडिट कार्ड आहे, वर्षाची फी ३०० पौंड. किराणा, पेट्रोल, गाडीचा इन्शुरन्स, जे असंही भरायचंच असतं ते त्या कार्डावर भरलं की पौंडामागं दीड एव्हिओस मिळतो, एव्हिओस म्हणजे त्यांचे पॉइंट. वर्षात १५,००० पौंडांचा खर्च झाला की वर एक कंपॅनियन व्हाउचर मिळतं, म्हणजे एका तिकिटाचे पॉइंट भरायचे आणि दोघांनी जायचं. माझं आधी मिळालं, ह्यांचं पुढच्या वर्षी, व्हाउचर दोन वर्षं चालतं म्हणून दोन्ही जमेपर्यंत थांबलो. कर्ज नाही. कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरतो, आजपर्यंत एक पैसा व्याज गेलेलं नाही, शपथ. टॅक्स आणि बाकीचे चार्जेस मात्र चौघांचे रोख भरावे लागतात, ते भरलेत, साठवलेल्यातून.

दादा सांगत होता, तुम्ही म्हणालात, "जावयाच्या जिवावर विमानात झोपून जायचं का?" मला फार लागलं ते. तुम्हाला बोलायचा हक्क आहे, पण हे मनातून काढून टाका हो आप्पा. माझ्या व्हाउचरवर मी आणि आई, ह्यांच्या व्हाउचरवर हे आणि तुम्ही, आणि ही वाटणी ह्यांनीच सुचवली. म्हणाले, आप्पांच्या शेजारी मी बसतो, तू आईजवळ बस.

आणि फुकट म्हणजे खोटं, असं तुम्हाला वाटतं, मला माहितेय. अख्खी नोकरी तुम्ही बिनतिकीट माणूस गाडीत बसू दिला नाही, सख्ख्या आत्याला पण तिकीट फाडलं होतं. पण आपण तुळजापूरला, अक्कलकोटला, पंढरपूरला कशावर जायचो? तुमच्या एसटीच्या फॅमिली पासवरच ना? मी तुमच्या मांडीवर, पुढ्यात ती तिकिटांची पेटी, तुम्ही पंचनं दांडीवर टकटक केलं की मी पण बोटानं टकटक करायची, आणि चामड्याच्या बॅगेतली चिल्लर मोजायला मिळावी म्हणून झोप आली तरी डोळे उघडे ठेवायची. तेव्हा तुम्ही मला सांगितलं होतं, पास हा आपल्या नोकरीचा हक्क आहे, मान खाली घालून बसायचं नाही. आज पंच्याहत्तरीनंतर तुम्हाला अमृत योजनेत एसटी फुकट आणि आईला अर्धं तिकीट, त्याची लाज वाटते का? हेही तसंच आहे. नियमातलं आहे, आमच्या खर्चातून आलंय.

खरं सांगू का, हे सगळं मागच्या वेळेमुळं. तुम्ही दोघं एकटे आलात, मधल्या सीटवर, आणि मी हिथ्रोला बाहेर उभी. आई मोज्यांवर चालत आली आणि चपला प्लास्टिकच्या पिशवीत. मला वाटलं चप्पल तुटली. घरी येऊन मोजे काढले तर पाय असे सुजलेले की मोज्याच्या इलास्टिकची खाच पडलेली, बोटानं दाबलं तर खड्डा तसाच राहत होता. आणि आप्पा, शेजारचा माणूस झोपलाय, त्याला कशाला उठवायचं म्हणून तुम्ही नऊ तास उठला नाहीत, उठायला लागू नये म्हणून पाणी प्यायला नाहीत. हे मला आईनं परत गेल्यावर सांगितलं. त्या दिवसापासून मी ठरवलं होतं की परत बोलवीन तर अशी बोलवणार नाही.

ह्यावेळी सीट पूर्ण आडवी होते, पलंगासारखी, उशी-पांघरूण देतात, पाय वर घेऊन झोपायचं. गुडघा लांब करता येतो. सोलापुरी चादर घ्यायचीच असेल तर एक घ्या, पातळ. जेवण एशियन व्हेज मी आधीच सांगून ठेवणार, तरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर असू द्या, आईला दुसऱ्याचं जेवण लवकर जात नाही. व्हीलचेअर मी लिहून देणार, आप्पा, ह्याच्यावर वाद नको. तुम्ही चालू शकता हे सगळ्यांना माहितेय, पण तिथली चाल फार लांब असते.

आणि सगळ्यात चांगला नियम हा की ज्याच्या नावावर व्हाउचर, तो स्वतः प्रवासात पाहिजेच. जाताना पण, येताना पण. म्हणजे आम्ही दोघं तुम्हाला न्यायला घरी येणार! आधी दहा दिवस सोलापुरात, मग चौघं वंदे भारतनं मुंबईला, रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी विमान. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्रभर जाऊन दादरच्या जिन्यावर बॅगा ओढायच्या नाहीत. परतीच्या सीट अजून उघडल्या नाहीत, उघडल्या की मी फोन करून ह्याच बुकिंगला जोडणार. गणपतीच्या आधीचं बघतेय, आप्पांच्या हातची प्रतिष्ठापना चुकणार नाही, आणि आम्ही पण घरी गौरी जेवूनच निघू. आमचं इकडून तिकडं यायचं तिकीट साधं काढू, त्याची काळजी करू नका.

तब्येतीचं काही झालं, किंवा मनच झालं नाही, तर विमानाच्या २४ तास आधीपर्यंत कॅन्सल होतं. माणशी ३५ पौंड जातात, चार हजाराच्या आसपास. पॉइंट परत, टॅक्स परत. म्हणजे तुम्ही अडकला नाहीत. पण मन झालं नाही असं म्हणू नका ना. मे महिन्यात तुम्ही दोघं पत्र्याखाली तापता, लाइट गेली की आई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसते, आणि मी इथं स्वेटर घालून ते व्हिडिओ कॉलवर बघते.

आता कामाचं. आप्पांचा पासपोर्ट संपत आलाय, तो ह्याच महिन्यात रिन्यूला टाका, दादा बरोबर येईल. व्हिसाचं आत्ता काही करायचं नाही, तीन महिने आधीच अर्ज घेतात, तो मी इथून भरीन. डॉक्टरांकडून गोळ्यांची चिठ्ठी इंग्रजीत आणि नीट अक्षरात घ्या, गोळ्या हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत अजिबात नाही. आई, तूप आणि पंढरपूरचे पेढे आणायचे नाहीत, दुधाचं काहीच इथं आणू देत नाहीत, काढून घेतात. तुझ्या हातचं वाया जाईल आणि तुलाच वाईट वाटेल. शेंगापोळ्या आण, तूप न लावता, जास्त आण. संध्याकाळी दोघांनी सिद्धेश्वर तलावापर्यंत चालायचं, बाकावर बसून राहायचं नाही.

आणि आई, एक काम उद्याच कर. विमानात घालायचे घट्ट मोजे मिळतात, सुजेवर, ते मी इथून घेऊन ठेवणार आहे. शिलाईची टेप घे, सकाळी उठल्या उठल्या, पाय खाली सोडायच्या आधी, घोट्याचं आणि पोटरीचं माप घे. दोन्ही पायांचं वेगवेगळं. तुला वाकता येत नाही, आप्पांना घ्यायला सांग, आणि कागदावर लिहून दादाच्या फोनवर फोटो पाठव.

तुमची,
ताई